अव्वल आणि दुय्यम : अवकाशयानावरील दुसऱ्या माणसाचा विकास

१

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून या नावाचा एक अधिकारी असतो. अव्वल म्हणजे पहिला. परंतु कचेरीतील पहिला माणूस तो नव्हे. पहिला माणूस मामलेदार. त्याच्या हाताखालच्या मंडळींत हा पहिला, म्हणून अव्वल. म्हणजे ज्याला आपण पहिला म्हणतो तो वास्तविक दुसरा असतो. जहाजावरील 'फर्स्ट ऑफिसर' या पदनामाची घडण नेमकी अशीच आहे. भाषांतर करणाराला हे नाव बराच त्रास देते. 'प्रथमाधिकारी' म्हणावे तर तोच कप्तान असल्याचा भास होतो. 'उपकप्तान' म्हणावे तर कप्तानाची अपुरी आवृत्ती डोळ्यांपुढे येते. 'दुय्यम' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ 'दुसरा' एवढाच होता. मराठीत रुळता रुळता तो 'कमी प्रतीचा' असा अर्थ घेऊन बसला. आगबोटींवर चाकरीस गेलेल्या खलाशांच्या बोलीत या अधिकाऱ्याला 'मालम' म्हणत. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिकविणारा, जाणता, असा आहे. त्यात पहिला-दुसरा हा हिशेबच नाही. पदाच्या पायरीऐवजी ज्ञानाची खूण आहे.

या शब्दांच्या खटपटीमागे एक खरा प्रश्न दडलेला आहे. दुसरा असणे ही उणीव मानावयाची की तीही एक स्वतंत्र वृत्ती असू शकते? आणि पहिल्याला 'नाही' म्हणणारा दुसरा निष्ठावंत ठरतो की फितूर? दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांनी, त्यातही 'स्टार ट्रेक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकांनी, या प्रश्नाचा १९६४ पासून आजपर्यंत जो पाठपुरावा केला आहे तो वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावा असा नाही. माध्यम लोकरंजनाचे आहे म्हणून त्यातील व्यक्तिरेखा टीकेच्या कक्षेबाहेर राहतात असे मानण्याचे कारण नाही. तसे मानले असते तर तमाशाचा आणि पोवाड्याचा अभ्यासही आपल्याला वर्ज्य ठरला असता.

२

आपल्या साहित्यशास्त्राला हा दुसरा माणूस अपरिचित नाही. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपका'त त्याला 'पीठमर्द' अशी संज्ञा दिली. मुख्य कथेला समांतर चालणारे जे दूरगामी उपकथानक, त्याचा हा नायक. तो चतुर असावा, मुख्य नायकाचा अनुयायी व भक्त असावा आणि नायकाच्या गुणांत त्याच्याहून थोडासा उणा असावा, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. धनिकाने आपल्या टीकेत 'मालतीमाधवा'तील मकरंद आणि रामकथेतील सुग्रीव ही उदाहरणे दिली आहेत. या लक्षणांतील 'थोडासा उणा' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. दुसरा फार उणा असला तर तो सेवक होतो. मुळीच उणा नसला तर नायकाचे आसन डळमळते. त्याचे प्रमाण राखणे हे नाटककाराचे कौशल्य.

मराठी मनाने मात्र दुसऱ्या माणसाचा गौरव निराळ्या रीतीने केला. पावनखिंडीतला बाजीप्रभू (१६६०), पुरंदरावरचा मुरारबाजी (१६६५), सिंहगडावरचा तानाजी (१६७०) ही आपल्या स्मरणातली थोर दुसरी माणसे होत. त्या तिघांचेही मोठेपण त्यांच्या मरणात साठवलेले आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यापासून शालेय पुस्तकापर्यंत तानाजी आपल्याला भेटतो तो गड घेताना पडलेला म्हणून. गड घेऊन तो जिवंत परतता, राजांच्या सल्लामसलतीत बसता, एखाद्या मोहिमेला विरोध करता, तर त्याचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न पोवाडा विचारत नाही. विचारण्याचे त्याला कारणही नाही. दुसऱ्याने मरून पहिल्याला तारावे, आणि पहिल्याने त्याच्यासाठी अश्रू ढाळावे, येथे ती कथा पूर्ण होते.

दूरचित्रवाणी-मालिकेला ही पूर्णता परवडत नाही. तिचा दुसरा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा यावयाचा असतो. त्याला मरता येत नाही आणि पहिलाही होता येत नाही, कारण मग मालिकेची घडीच मोडते. वर्षानुवर्षे दुसऱ्या जागी राहून त्याने कथा जिवंत ठेवायची असते. माध्यमाची ही गरज प्रथमदर्शनी केवळ व्यावहारिक वाटते. परंतु माझ्या मते याच गरजेने एक अशी व्यक्तिरेखा घडविली की जिला पीठमर्दाचे लक्षणही पुरत नाही आणि पोवाड्याचा साचाही पुरत नाही. जिवंत राहून, दुसरा राहून, मतभेद बाळगणारा हा माणूस आहे. त्याच्या घडणीचा इतिहास पुढे मांडला आहे.

३

या इतिहासाचा प्रारंभ एका वगळलेल्या स्त्रीपासून होतो. जीन रॉडनबेरी यांनी १९६४ साली आपल्या मालिकेची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर या नाविक अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या होत्या. त्या कादंबऱ्यांतील लेफ्टनंट बुश हा शूर, विश्वासू, पण कल्पनाशक्तीत नायकाहून उणा; म्हणजे धनंजयाने ओळखला असता असा पीठमर्द. रॉडनबेरी यांनी त्याची नक्कल केली नाही. त्यांच्या पहिल्या नमुना-भागात, 'द केज'मध्ये, पाइक या कप्तानाच्या खालोखाल एक स्त्री आहे. तिला नाव नाही. ब्रिटिश आरमारातील बोलीप्रमाणे तिला 'नंबर वन' एवढेच म्हणतात. ही भूमिका मेजेल बॅरेट यांनी केली. ती शांत, तर्ककठोर आणि भावनांचे प्रदर्शन न करणारी आहे. त्याच भागात लेनर्ड निमॉय यांचा स्पॉकही आहे. परंतु हा स्पॉक हसतो, मोठ्याने ओरडतो. कप्तान परग्रहावर कैदेत पडल्यावर यानाचा भार त्या स्त्रीवर येतो, आणि शेवटी परकीयांच्या पिंजऱ्यात गुलामांची पैदास होण्यापेक्षा सर्वांनी मरणे बरे असे ठरवून ती आपले शस्त्र स्फोटासाठी सज्ज करते. अधिकारपदाला साजेसा हा निर्णय आहे, आणि तो कप्तानाचा नसून तिचा आहे.

१९६५ च्या आरंभी एन. बी. सी. या प्रसारणसंस्थेने हा भाग नाकारला, पण दुसरा नमुना-भाग करण्याची मुभा दिली. त्या दुसऱ्या भागात कप्तान बदलला, ती स्त्री नाहीशी झाली आणि टोकदार कानांचा स्पॉक राहिला. असे का झाले याविषयी दोन कथा आहेत. रॉडनबेरी पुढे सांगत की, स्त्री अधिकारी आणि परग्रहवासी या दोघांनाही काढा असा आग्रह होता, त्यांतला एकच वाचविणे त्यांना शक्य झाले. हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याला हरकत घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आक्षेप स्त्री अधिकाऱ्याला नव्हता, तर निर्मात्याने आपल्या जवळच्या मैत्रिणीला त्या जागी आणण्याला होता. रॉडनबेरी आणि बॅरेट यांचा विवाह १९६९ साली झाला, ही गोष्ट या दुसऱ्या कथेला बळ देते. निर्मात्याची कथा त्याला शोभून दिसणारी आहे, एवढे लक्षात ठेवून ती वाचली पाहिजे.

वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाचे असे की, ती स्त्री गेली तरी तिचा स्वभाव गेला नाही. तिची तर्ककठोर शांतता स्पॉकला देण्यात आली. आज जगभर ओळखले जाणारे स्पॉकचे वैशिष्ट्य मुळात दुसऱ्या एका पात्राचे होते. एका पदावर दोन परकेपणांचे कलम झाले : स्त्री म्हणून परकी असलेलीचा संयम आणि परग्रहवासी म्हणून परक्या असलेल्याचे रूप. बॅरेट यांनी पुढे त्याच मालिकेत परिचारिकेची भूमिका केली आणि यानाच्या संगणकाला आवाज दिला. अधिकाराच्या जागेवरून शुश्रूषेच्या जागेवर झालेली ही बदली त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

४

८ सप्टेंबर १९६६ पासून ३ जून १९६९ पर्यंत चाललेल्या मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. कर्क हा कप्तान साहसी, स्पॉक बुद्धिवादी, आणि डॉक्टर मॅकॉय भावनावश, असे त्रिकूट त्यात आहे. सामान्यतः स्पॉकची थोरवी त्याच्या तर्कात सांगितली जाते. मला ती त्याच्या पदात दिसते. तीन प्रसंग घेऊ.

१९६६ च्या नोव्हेंबरात दाखविलेल्या 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत त्या नाकारलेल्या नमुना-भागाचेच चित्रण वापरले आहे. स्पॉक आपला पूर्वीचा कप्तान, अपघाताने विकलांग झालेला पाइक, याला निषिद्ध ग्रहावर नेण्यासाठी यान पळवितो आणि खटल्यात आरोप कबूल करतो. शिक्षा मृत्यूची आहे. मालिकेच्या पहिल्याच वर्षात, निष्ठा म्हणजे आज्ञापालन हे समीकरण तिने असे मोडून टाकले. बंड करणारा हा माणूस स्वार्थी नाही आणि बंडाची किंमत चुकवण्यास तो तयार आहे.

दुसरा प्रसंग 'द गॅलिलिओ सेव्हन' (जानेवारी १९६७) या भागातला. एका छोट्या यानातून उतरलेल्या सातजणांचे नेतृत्व स्पॉककडे येते. त्याचे निर्णय तर्कशुद्ध असतात आणि तरीही माणसे मरतात. हाताखालचे लोक त्याच्यावर चिडतात, कारण मेलेल्यांना मूठमाती देण्यापुरताही वेळ तो मनापासून देऊ इच्छीत नाही. अखेरीस उरलेले इंधन आकाशात पेटवून देण्याचे, तर्काने ज्याचे समर्थन कठीण असे कृत्य तो करतो आणि त्यामुळेच सुटका होते. सल्ला देणे व आज्ञा देणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे येथे प्रेक्षकाला आणि स्पॉकलाही कळते. धनंजयाच्या 'थोडासा उणा' या शब्दांचे यापेक्षा सूक्ष्म भाष्य करणे अवघड आहे. मात्र उणेपणा कोठे आहे हे दाखवून लेखक थांबत नाहीत. त्या उणेपणाची जाणीव पात्राला होताना दाखवितात.

तिसरा प्रसंग डोरोथी फाँटाना यांनी लिहिलेल्या 'जर्नी टू बेबल' (नोव्हेंबर १९६७) या भागात आहे. कप्तान जखमी होऊन पडला आहे, अज्ञात शत्रू पाठलाग करीत आहे, आणि स्पॉकच्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी त्याचेच रक्त हवे आहे. यानाचा भार आपल्यावर आहे म्हणून स्पॉक खाली जाण्यास नकार देतो. आई विनवते, शेवटी त्याच्या तोंडात मारते. तो जागचा हलत नाही. मग जखमी कर्क आपण बरे असल्याचे सोंग आणून वर येतो आणि त्याला वडिलांकडे जाण्याची आज्ञा देतो. दुसऱ्याचे धर्मसंकट सोडविण्यासाठी पहिल्याला खोटे बोलावे लागते. कर्तव्य आणि रक्त यांचा हा संघर्ष आपल्या वाचकाला नवा नाही. पण तो सुटतो कसा ते पाहण्याजोगे आहे. उपदेशाने तो सुटत नाही. एक मित्र दुसऱ्याला ओळखून असतो, त्यामुळे सुटतो.

५

ही मालिका आपल्याकडे एकोणीसशे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरून दिसली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेले दूरदर्शन १९८२ पासून रंगीत आणि देशव्यापी झाले होते. वाहिनी एकच, संच घरोघरी नव्हते. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत शेजाऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसून आमच्या पिढीने स्पॉकला पाहिले. त्याच दशकात, २५ जानेवारी १९८७ पासून, त्याच पडद्यावर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि सुनील लहरी यांचा लक्ष्मण घरोघर पोहोचला. एकाच पडद्यावर आलेली ही दोन दुसरी माणसे शेजारी ठेवून पाहण्याचा मोह टीकाकाराला आवरता येऊ नये, इतकी त्यांची तुलना बोलकी आहे. एक थंड, दुसरा तापट. परंतु स्थान एकच.

वाल्मीकीचा लक्ष्मण केवळ आज्ञाधारक आहे ही समजूत वरवरची होय. अयोध्याकांडात वनवासाची वार्ता ऐकताच तो बळाने राज्य घ्यावे असे सांगतो. राम त्याला आवरतो. अरण्यकांडात रामाची आज्ञा आश्रम न सोडण्याची आणि सीतेचे कठोर शब्द आश्रम सोडण्यास भाग पाडणारे, अशा कात्रीत तो सापडतो. आणि उत्तरकांडाच्या शेवटी तर त्याची अंतिम परीक्षा आहे. राम काळाशी एकांतात बोलत असता जो आत येईल तो वध्य, अशी अट असते आणि दारावर लक्ष्मण उभा असतो. दुर्वास येतात, ताबडतोब आत वर्दी न दिल्यास सगळ्या राज्याला आणि कुळाला शाप देण्याची धमकी देतात. सर्वांच्या नाशापेक्षा माझे एकट्याचे मरण बरे, असा विचार करून लक्ष्मण आज्ञा मोडतो, त्याग स्वीकारतो आणि शरयूच्या तीरी देह ठेवतो. १९८२ च्या चित्रपटात स्पॉक यान वाचविण्यासाठी प्राण देतो तेव्हा त्याचा विचार आशयाने हाच आहे. येथे प्रभाव शोधण्याचे कारण नाही. स्थान सारखे असले की विचारही सारखा सुचतो, एवढेच म्हणावयाचे. आणि हेही ध्यानात घ्यावे की, स्पॉकला असे मरण चित्रपटाने दिले, मालिकेने नव्हे. दोन तासांत संपणारी कथा पोवाड्याच्या जवळची असते.

मग आपल्याकडच्या अवकाशकथांत हा दुसरा माणूस का वाढला नाही? 'स्टार ट्रेक'च्या वळणावर दूरदर्शनने 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका दाखविली. ज्यांनी ती पाहिली त्यांना कप्तान तारा आठवतो आणि शत्रू झखाकू आठवतो. १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण त्यात नायक होते, आणि मालिकेचे नावच नायकाचे होते. मराठी विज्ञानकथेची वाट निराळी पडली. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, तेव्हापासून तिचा ओढा कल्पनेतील वैज्ञानिक बीजाकडे राहिला. जहाजावरील अधिकाराची उतरंड हा तिचा विषय झाला नाही. यात दोष देण्यासारखे काही नाही. तथापि नायक आणि शत्रू या दोघांवर कथा उभी करावयाची आणि नायकाशी असहमत असलेल्या मित्राला जागा ठेवावयाची नाही, ही सवय आपल्या पडद्याला जडली, हे मान्य केले पाहिजे.

६

मालिकेच्या दुसऱ्या अवतारात, २८ सप्टेंबर १९८७ पासून, पिकार्ड हा प्रौढ कप्तान आणि विल्यम रायकर हा त्याचा तरुण सहाय्यक आला. 'नंबर वन' हे नाव आता पिकार्डच्या तोंडी संबोधन झाले. रायकरचे पूर्वरूप १९७७ साली आखलेल्या पण न निघालेल्या एका मालिकेतील डेकर या पात्रात होते. येथे कामाची वाटणी बदलली : धोक्याच्या ठिकाणी उतरावयाचे ते दुसऱ्याने, कप्तानाने यानावर राहावयाचे. कर्कचे साहस रायकरला मिळाले आणि स्पॉकचे चिंतन पिकार्डकडे गेले. पीठमर्दाचा उणेपणा जणू दोघांत वाटला गेला.

रायकरच्या व्यक्तिरेखेतील खरे नाट्य निराळे आहे. त्याला स्वतंत्र यानाचे कप्तानपद वारंवार देऊ केले जाते आणि तो ते नाकारतो. दुय्यम पदाची असूया हा नाट्याचा जुना विषय आहे. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' या रूपाने मराठीत आणला; त्या नाटकातल्या विषाचा पहिला थेंब हा डावलल्या गेलेल्या नेमणुकीचा आहे. खलपुरुषाला सेनापतीच्या खालची जागा हवी होती, ती दुसऱ्याला मिळाली. तिथे दुसरी जागा ही चढावयाची पायरी आहे. रायकर त्याच पायरीवर स्वखुशीने बसून राहतो, आणि भोवतालच्या महत्त्वाकांक्षी जगाला ते समजत नाही.

'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' (१९९०) या दोन भागांच्या कथेत हा प्रश्न टोकाला जातो. रायकरची जागा घेऊ पाहणारी शेल्बी ही अधिकारी त्याला तोंडावर सांगते की तो इतरांची वाट अडवून बसला आहे. इकडे पिकार्ड शत्रूच्या हाती पडून शत्रूचाच प्रवक्ता होतो. अखेर आपल्या कप्तानावर अस्त्र सोडण्याची आज्ञा रायकरला द्यावी लागते. ही कथा लिहिणारे मायकेल पिलर स्वतः त्या वेळी मालिका सोडावी की राहावे या विवंचनेत होते, आणि रायकरच्या मनातील घालमेल ही आपलीच असल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. संकट टळल्यावर रायकर पुन्हा दुसऱ्या जागी जातो. प्रसारणाच्या सोयीसाठी त्याला राहावेच लागणार होते हे खरे. परंतु लेखकाने त्या सोयीला अर्थ दिला. भागीदारीत करावयाचे काम एकट्याने गाजवावयाच्या अधिकारापेक्षा मोलाचे असू शकते, असे रायकरचे राहणे सांगते.

त्याच्या मतभेदाचीही परीक्षा झाली. 'चेन ऑफ कमांड' (डिसेंबर १९९२) मध्ये जेलिको हा नवा कप्तान येतो. रायकर विरोध करतो आणि पदावरून दूर केला जातो. पुढे एका अवघड कामगिरीसाठी त्याच्याइतका कुशल चालक नाही म्हणून जेलिकोला त्याच्याकडे जावे लागते. दोघेही एकमेकांविषयीची नापसंती मोकळेपणाने बोलून दाखवितात आणि मग काम करतात. मनोमीलन होत नाही. काम मात्र होते. दिल्लीसारख्या सचिवालयांच्या नगरात, जिथे फायलीवर आपले भिन्न मत नोंदवून मग वरच्याची आज्ञा पाळण्याचा रिवाज आहे, तिथल्या माणसाला या प्रसंगातले सत्य समजावून सांगावे लागत नाही.

७

१९९३ सालच्या 'डीप स्पेस नाइन'ने या पदाला राजकीय खोली दिली. किरा नेरीस ही दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी दलातली नव्हेच. ती ज्या जनतेच्या भूमीवर हे अवकाशस्थानक चालते त्या बजोर लोकांची प्रतिनिधी. परकीय सत्तेशी ती शस्त्र घेऊन लढलेली आहे, आणि आता मदतीला आलेल्या नव्या परकीयांवरही तिचा विश्वास नाही. तिच्या निष्ठेला दोन धनी आहेत : कप्तानाचे पद भूषविणारा सिस्को आणि तिचा स्वतःचा देश. पारतंत्र्यातून बाहेर पडलेल्या समाजाच्या वाचकाला तिचा चिडखोरपणा स्वभावदोष वाटणार नाही. पीठमर्दाला नायकापेक्षा निराळे साध्य असत नाही. किराला आहे, आणि तरीही ती दुसरी आहे. येथे जुने लक्षण निश्चितपणे मागे पडले.

१९९५ च्या 'व्हॉयेजर'मधील चाकोटे ही मात्र हुकलेली संधी होय. बंडखोरांचा नायक असलेला हा माणूस, ज्या दलाविरुद्ध तो लढला त्याच दलाच्या जेनवे या स्त्री कप्तानाच्या हाताखाली येतो. एवढ्या मोठ्या विरोधाचे बीज हाती असून लेखकांनी ते लवकरच समेटात विरघळू दिले. त्याचे अमेरिकन आदिवासी असणेही उसने वाटते. त्यासाठी नेमलेले सल्लागार जमाके हायवॉटर यांचा आदिवासी वंशाचा दावा खोटा असल्याचे १९८४ सालीच जाहीर झाले होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. असहमतीची धार गेली की दुसरा माणूस शोभेचा उरतो, हे चाकोटेवरून शिकावे.

२०१७ साली 'डिस्कव्हरी'ने उलट टोक गाठले. मायकेल बर्नम ही दुसऱ्या जागेवरची स्त्रीच येथे कथानायिका आहे, आणि पहिल्याच कथेत ती आपल्या कप्तानाला बेशुद्ध करून तिची आज्ञा मोडते. तिचा हेतू यान वाचविण्याचा असतो; परिणाम युद्ध आणि तुरुंग. स्पॉकचे बंड एका माणसासाठी होते आणि त्याला क्षमा मिळाली. बर्नमला आपल्या बंडाचे ओझे वाहत पुढे जावे लागते. पुढे ती कप्तान होते. परंतु मला अधिक लक्षणीय वाटतो तो सारू. कप्तानपद सांभाळून झाल्यावर तो बर्नमच्या हाताखाली दुसरा म्हणून आपण होऊन परत येतो. पद खाली जाऊनही माणूस लहान होत नाही, हे कोणतेही भाषण न करता त्याने दाखविले.

आणि १९६५ साली वगळलेली ती स्त्री २०२२ साली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये पाइकच्या शेजारी पुन्हा पूर्णपणे उभी राहिली. तिला उना चिन-रायली हे नाव मिळाले. २०२३ सालच्या एका भागात तिच्यावर खटला चालतो. गुन्हा असा की ती ज्या जमातीत जन्मली त्या जमातीत आनुवंशिक बदल करण्याची रीत आहे, आणि असे शरीर असलेल्यांना दलात येण्यास बंदी आहे. तिने जन्म लपवून सेवा केली. खटल्यात उघड होते की तिच्याविरुद्ध माहिती तिनेच दिली होती, कारण लपून मिळविलेल्या मानाचा तिला वीट आला होता. जन्माने ठरलेल्या अपराधाची ही कथा महाराष्ट्राच्या वाचकाला परग्रहावरची वाटू नये. ज्या पात्राला आरंभी नावही नव्हते, त्या पात्राने अखेर आपले खरे नाव आणि मूळ भर न्यायसभेत सांगावे, यापेक्षा अधिक सुसंगत विकास मला कल्पिता येत नाही. त्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे लागली.

८

हा सारा प्रवास एकत्र पाहिला म्हणजे दुसऱ्या माणसाच्या तीन अवस्था स्पष्ट होतात. आरंभी तो नायकात न मावणाऱ्या गुणांचे पात्र होता. कप्तानाला जे असणे शोभत नसे ते त्याच्याकडे ठेवले जाई. मग दुसरे राहणे ही त्याची निवड झाली. शेवटी त्याला स्वतःचे साध्य, स्वतःचा इतिहास आणि आज्ञेबाहेर जाण्याची जबाबदारी मिळाली. ही वाट सरळ नव्हती आणि प्रत्येक मालिका तीवर पुढेच गेली असेही नाही. परंतु लक्ष्मणाला जो प्रश्न शरयूच्या पाण्यात संपवावा लागला, तो प्रश्न या माध्यमाने जिवंत माणसाच्या पुढ्यात ठेवून वर्षानुवर्षे चालू ठेवला, ही त्याची वाङ्मयीन कमाई होय.

वास्तवाने त्यात आपलीही भर घातली आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्याइतकीच तयारी केलेले रवीश मल्होत्रा पर्यायी अंतराळवीर म्हणून जमिनीवर राहिले. किती जणांना त्यांचे नाव आठवते? २५ जून २०२५ रोजी 'ॲक्सिअम ४' या मोहिमेचे यान निघाले तेव्हा लखनौचे शुभांशू शुक्ला त्याचे पायलट होते. क्रमाने पाहता कप्तानानंतरची जागा. कप्तान होत्या पेगी व्हिट्सन. ज्या देशाच्या पडद्याला साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या जागेवरची स्त्री राखता आली नाही, त्याच देशातून निघालेल्या खऱ्या यानाची मुख्य एक स्त्री होती आणि तिच्या शेजारचा दुसरा माणूस आपला होता.

त्याला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न उरतोच. 'दुय्यम' म्हणवत नाही आणि 'प्रथमाधिकारी' खोटे वाटते. जुन्या खलाशांचा 'मालम' मला जवळचा वाटतो. तो आज्ञेच्या उतरंडीत कितवा आहे हे तो शब्द सांगत नाही. त्याला काय कळते एवढेच सांगतो. ज्याला कळते त्याने ते पहिल्याच्या तोंडावर बोलावे, आणि बोलून पुन्हा आपल्या जागी उभे राहावे. तानाजीचे मरण गाणाऱ्या आपल्या भाषेने अशा माणसाचे जगणे सांगण्याचीही रीत आता घडविली पाहिजे.